जेनेरिक कर्नलमधून जुने ड्रायव्हर काढताना कोणाला विचारायचे?

दीपमाळ (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२२ मध्ये एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे गेटवे यंत्र मी पुण्यात बसून फ्रीबीएसडी या संचालन प्रणालीच्या १२.३ आवृत्तीवरून १३.१ वर नेले. नवे कर्नल, म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा, बसले, रीबूटची आज्ञा दिली, आणि यंत्राशी संपर्क तुटला तो तुटलाच. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तिथे गेलो आणि मॉनिटर जोडून पाहिले, तर यंत्र व्यवस्थित चालू होते. डिस्क ठीक होती, आतल्या बाजूचे नेटवर्क कार्डही ठीक होते. ब्रॉडबँड मोडेमकडे जाणारे बाहेरचे कार्ड मात्र ‘पीसीआयकॉन्फ’ या, जोडलेली उपकरणे दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत ‘नन’ या नावाखाली पडले होते. विक्रेता १०ईसी, उपकरण ८०२९. म्हणजे कार्ड स्लॉटमध्ये आहे, कर्नलला ते दिसतेही आहे, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर कर्नलकडे उरलेला नाही.

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफे, संगणक वर्ग किंवा छापखान्यातले नेटवर्क जोडले आहे, त्यांना रियलटेक ८०२९ सांगावे लागणार नाही. पाठीमागे एक आरजे-४५ चे तोंड, शेजारी बीएनसीचे गोल तोंड, वेग १० मेगाबिट. फ्रीबीएसडीमध्ये हे कार्ड ‘ईडी’ या ड्रायव्हरवर चालत असे. एनई२००० घराण्यातली बहुतेक कार्डे त्याच एका ड्रायव्हरच्या आधाराने चालत.

परत आल्यावर जुन्या नोंदी उघडल्या. १२ च्या प्रत्येक बूटच्या वेळी कर्नलने लिहून ठेवले होते की हा ड्रायव्हर १३ मध्ये नसेल, आणि तपशील हवा असल्यास एफसीपी-०१०१ हा प्रस्ताव पाहावा. ती ओळ मी वाचली नव्हती, ही चूक सर्वस्वी माझी. तो प्रस्ताव नंतर मी संपूर्ण वाचला. २०१८ साली फ्रीबीएसडीच्या विकासकांनी १० आणि १०० मेगाबिटच्या जुन्या इथरनेट ड्रायव्हरांची यादी जाहीर केली, ज्यांच्याकडे ती कार्डे अजून वापरात आहेत त्यांनी कळवावे असे आवाहन केले, आणि उत्तरे आल्यावर काही नावे यादीतून वगळली. रियलटेक ८१३९ चा ‘आरएल’ ड्रायव्हर वाचला, इंटेलचा ‘एफएक्सपी’ वाचला. ‘ईडी’, ‘ईपी’, ‘पीसीएन’, ‘टीएल’ आणि त्यांच्यासारखे डझनाहून अधिक ड्रायव्हर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या १३.० मध्ये नव्हते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, या विषयावरच्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. ड्रायव्हर जेनेरिक कर्नलमधून काढणे वेगळे आणि सोर्स कोडमधून काढणे वेगळे. जेनेरिक म्हणजे इन्स्टॉलरबरोबर येणारे, कोणत्याही यंत्रावर उठता यावे म्हणून सगळे पोटात घेऊन आलेले कर्नल. त्यातून एखादी ‘डिव्हाइस’ ओळ काढली तरी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरज पडेल तेव्हा कर्नलला जोडायची वेगळी फाइल म्हणून, डिस्कवर राहू शकतो, आणि ‘लोडर.कॉन्फ’ या बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ लिहून किंवा ‘केएलडीलोड’ या आज्ञेने तो परत आणता येतो. सोर्समधून काढला की मात्र तो ड्रायव्हर पुढच्या प्रत्येक आवृत्तीसाठी संपला. जुना कोड आवृत्तींच्या इतिहासात सापडतो खरा, पण भोवतालचे कर्नल बदलत गेल्याने दोन वर्षांत तो कंपाइल होईनासा होतो.

माझे मत असे आहे की पहिली गोष्ट मोकळ्या हाताने करावी, आणि दुसरी मात्र ज्याच्याकडे ते हार्डवेअर आहे असा माणूस शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाल्याशिवाय करू नये. त्याचबरोबर असा माणूस आपल्यापैकीच कोणी असेल, तर आपण पुढे येऊन सांगितले पाहिजे. ड्रायव्हर किती लोक वापरतात यावर तो जगत नाही. त्या कार्डावर नवे कर्नल चालवून पाहून ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढे कळवणारा एक जरी माणूस असला तरी तो जगतो. ‘ईडी’च्या वेळी माझ्याकडे चालू स्थितीतले कार्ड होते आणि मी गप्प होतो.

कृष्णाकाठ

धागा महत्त्वाचा आहे, पण मला याची दुसरी बाजू मांडायची आहे.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची देखभाल करतो. ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की खालच्या लोडसेलचा आकडा इंडिकेटरवर येतो, इंडिकेटरमधून सिरियल तारेने संगणकात येतो, आणि डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रावर कार्बनच्या तीन प्रती निघतात. हे छपाईयंत्र पॅरलल पोर्टवर असते. गळीत हंगाम एकदा सुरू झाला की काटा रात्रंदिवस चालतो आणि त्या चार-पाच महिन्यांत कोणीही त्या संगणकाला हात लावू देत नाही. काटा अर्धा तास बंद पडला तर ऊस भरलेल्या गाड्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत जाते, आणि वाळणाऱ्या उसाचे वजन शेतकऱ्याच्या पदरातून जाते.

आता सांगा, या माणसांना कोण विचारणार? काट्यावरचा कारकून इंग्रजी मेलिंग लिस्ट वाचत नाही. तुम्ही स्वतः जाणकार असूनही बूटची ओळ वाचली नाहीत, मग त्याच्याकडून ती अपेक्षा कशी करायची? ‘कोणी कळवले नाही’ याचा अर्थ ‘कोणी वापरत नाही’ असा घेतला जातो, आणि तो अर्थ आमच्यासारख्या भागात चुकीचा ठरतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १३ व्या आवृत्तीत ऑगस्ट २०२५ पासून ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर राहिले नाहीत. माझे दोन काटे त्याच जातीच्या यंत्रांवर आहेत.

तळटीप

कृष्णाकाठ यांची तळमळ समजते. मी कर्नलच्या आतल्या बाजूला काम करतो, म्हणून तिथून काय दिसते ते लिहितो.

ड्रायव्हर एकदा लिहिला की कपाटात ठेवता येतो असा समज आहे. प्रत्यक्षात कर्नलच्या अंतर्गत रचना सतत बदलतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर ती रचना वापरणाऱ्या सर्व ड्रायव्हरांमध्ये दुरुस्ती करावी लागते. फ्रीबीएसडीमध्ये नेटवर्क इंटरफेसची माहिती ठेवणारी ‘इफनेट’ ही रचना बदलायची तर जिथे जिथे ड्रायव्हर तिला थेट हात घालतो, ती प्रत्येक जागा बदलावी लागते. बदल करणाऱ्याकडे १९९५ सालचे कार्ड नसते. तो कोड कंपाइल होतो, तेवढ्यावर तो पुढे ढकलला जातो. अशा पाच-सात दुरुस्त्या एकावर एक बसल्या की कागदावर जिवंत असलेला ड्रायव्हर प्रत्यक्षात मेलेला असू शकतो, आणि ते कोणालाच ठाऊक नसते. कार्ड बसवून पाहणाऱ्याला ड्रायव्हर आहे म्हणून भरवसा वाटतो आणि नेटवर्कवरची डेटाची पाकिटे मात्र हरवत राहतात. असा ड्रायव्हर ठेवणे हे त्या वापरकर्त्यावर उपकार नव्हे.

इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरचे उदाहरण पाहावे. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्मच ३८६ वर झाला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ३.८ च्या तयारीत त्याच ३८६ चा आधार काढला गेला. त्या प्रोसेसरमध्ये ‘सीएमपीएक्सचेंज’ ही सूचना नाही, आणि कर्नल स्वतः लिहीत असताना पानावरचे लेखनबंधन तो पाळत नाही. या दोन उणिवांसाठी स्मृती-व्यवस्थापनात आणि कुलपांच्या कोडमध्ये वेगळ्या वाटा सांभाळाव्या लागत होत्या, आणि तो भार नव्या यंत्रांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकावर पडत होता. २०१८ मध्ये ४.१७ मधून तर ब्लॅकफिन, क्रिस, टाइल यांसारखी आठ प्रोसेसर घराणी एकदम गेली आणि सुमारे ५ लाख ओळी कमी झाल्या.

कृष्णाकाठ

तळटीप, ही अडचण मला मान्य आहे. पण ८२५० जातीचा सिरियल पोर्ट आणि पॅरलल पोर्ट यांची गणना तुम्ही ३८६ च्या शेजारी करत असाल तर मला ते मान्य नाही. ते जुने असले तरी मेलेले नाहीत.

तळटीप

तशी गणना मी मुळीच करत नाही. सिरियल पोर्ट तर कर्नल विकासकांचे स्वतःचे रोजचे साधन आहे; नवे बोर्ड उठत नसेल तेव्हा पहिला शब्द त्याच तारेतून येतो. त्याला धक्का लागण्याची भीती नको. वय हा निकष नसून चाचणी घेणारा आहे की नाही हा निकष असावा, असे मला म्हणायचे आहे.

सांजवात

माझा छोटा प्रश्न आहे. जेनेरिकमधून काढून मॉड्यूल केले तर चालते, असे धागाकर्ते म्हणतात. मग डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरचे काय? मॉड्यूलची फाइल डिस्कवर आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल हवे, हा पेच कसा सुटतो?

दीपमाळ (धागाकर्ता)

सांजवात, फार योग्य जागी बोट ठेवलेत. ‘मॉड्यूल करा’ हा सल्ला सगळीकडे सारखा लागू पडत नाही.

फ्रीबीएसडीत कर्नल उठण्याआधी लोडर चालतो, आणि लोडर डिस्क वाचतो ती बायोस किंवा यूईएफआय या यंत्रातल्याच मूळ प्रणालीच्या मदतीने. त्याला कर्नलचा ड्रायव्हर लागत नाही. त्यामुळे ‘लोडर.कॉन्फ’मध्ये नाव लिहिलेले मॉड्यूल तो कर्नलबरोबरच स्मृतीत आणून ठेवतो आणि पेच सुटतो. लिनक्समध्ये हेच काम इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलबरोबर स्मृतीत येणारी छोटी फाइलप्रणाली, करते. पण हे नाव आधी कोणीतरी लिहिलेले असावे लागते. १२.० पासून ‘डेव्हमॅच’ नावाची सोय आली आहे, जी उपकरणाचा क्रमांक पाहून योग्य मॉड्यूल आपोआप चढवते; पण ती चालते रूट, म्हणजे मुख्य, फाइलप्रणाली जोडल्यानंतर. म्हणून नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड यांना ती पुरते, मूळ डिस्कच्या कंट्रोलरला पुरत नाही. नेटवर्कवरून उठणाऱ्या, स्वतःची डिस्क नसलेल्या यंत्रात नेटवर्क कार्डाचीही तीच गत होते.

पीसीआयच्या आधीच्या आयसा स्लॉटमधल्या कार्डांची अडचण याहून मोठी आहे. पीसीआय कार्ड विचारल्यावर आपला क्रमांक सांगते. प्लग-अँड-प्ले येण्यापूर्वीचे आयसा कार्ड काहीच सांगत नाही. जुने एनई२००० कार्ड बहुधा ३०० या हेक्स पत्त्यावर बसवलेले असे, आणि ते तिथे आहे की नाही हे कळायला कर्नलला त्या पत्त्यावर काहीतरी लिहून पाहावे लागे. तिथे दुसरेच कार्ड असले तर त्या लिहिण्याने यंत्र जागीच थिजण्याची शक्यता असे. हे माझ्या दृष्टीने जेनेरिकमधून जुने आयसा ड्रायव्हर काढण्याचे सर्वात भक्कम कारण आहे, कारण ज्यांच्याकडे ते कार्ड नाही त्यांनाही त्या ड्रायव्हरचा त्रास होऊ शकतो. ज्याच्याकडे ते आहे त्याला पत्ता आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) हातानेच लिहावे लागत होते. एक ओळ आणखी लिहावी लागली तर फारसे बिघडत नाही.

चौकीदार

सुरक्षेचा मुद्दा अजून आला नाही, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर आपोआप येणारा एजिअर फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर अद्यतनातून सरळ काढून टाकला. त्यातल्या त्रुटीचा वापर करून हल्ले होत होते, आणि गंभीर गोष्ट ही की तो मोडेम वापरात नसलेल्या यंत्रांवरही हल्लेखोराला त्यातून वरचे अधिकार मिळवता येत होते. फॅक्स मोडेम या नावाची वस्तू ज्यांनी आयुष्यात पाहिली नसेल त्यांच्याही लॅपटॉपमध्ये तो ड्रायव्हर बसलेला होता. जे मोडेम खरोखर त्यावर चालत होते, ते त्या अद्यतनानंतर बंद पडले. वापरकर्त्यांना पूर्वसूचनेची वर्षे मिळाली नाहीत. वेळेवर, शांतपणे काढले नाही की पुढे असे घाईने काढावे लागते, हा माझा मुद्दा आहे.

दुसरे उदाहरण २०१५ च्या ‘व्हेनम’ त्रुटीचे. ती आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधल्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. आभासी यंत्रे चालवणाऱ्या डेटा सेंटरांत फ्लॉपी कोण वापरत होते? कोणीही नाही. पण पाहुण्या यंत्रातून यजमान यंत्रात शिरायची वाट मात्र त्याच कंट्रोलरमधून सापडली.

आणि मॉड्यूल केले म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. लिनक्समधल्या एचडीएलसी लाइन डिसिप्लिनमध्ये, म्हणजे सिरियल जोडणीवरचा डेटा हाताळणाऱ्या एका मॉड्यूलमध्ये, २००९ साली शिरलेली चूक २०१७ मध्ये सापडली. ते मॉड्यूल एरवी स्मृतीत नसे, पण कोणत्याही साध्या वापरकर्त्याने मागणी केली की कर्नल ते आपणहून चढवत असे. पीसीआय ड्रायव्हरांबाबत परिस्थिती थोडी बरी आहे, कारण तिथे मॉड्यूल चढायला ते कार्ड प्रत्यक्ष असावे लागते. यूएसबीबाबत तसे म्हणता येत नाही. तिथे हल्लेखोर हवा तो क्रमांक सांगणारे उपकरण खिशातून आणू शकतो.

ओवीकर

चौकीदार यांनी फ्लॉपीचा उल्लेख केला म्हणून आठवले. २०१९ मध्ये लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरला अनाथ ठरवण्यात आले, कारण ज्यांच्याकडे त्याची देखभाल होती त्यांच्याजवळ चालू फ्लॉपी ड्राइव्हच राहिला नव्हता. यूएसबी फ्लॉपी वेगळ्या ड्रायव्हरवर चालते, त्यामुळे खऱ्या कंट्रोलरवरचे वापरकर्ते मोजकेच होते. तो ड्रायव्हर तेव्हाच जाईल असे सर्वांना वाटले. पण त्याची जबाबदारी घेणारा नवा माणूस पुढे आला, त्याने कोड साफ करायला घेतला, आणि ड्रायव्हर टिकला.

याउलट डिस्क चालवणारी जुनी आयडीई उपप्रणाली २०२१ मध्ये लिनक्स ५.१४ मधून गेली. तिच्याजागी लिबएटीए ही नवी उपप्रणाली कित्येक वर्षांपासून होतीच. अमिगा आणि अटारी फाल्कनसारख्या यंत्रांसाठीही लिबएटीएचे ड्रायव्हर आधी लिहिले गेले आणि ती यंत्रे बाळगणाऱ्या लोकांनी चालवून पाहिले, मग जुना कोड निघाला. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचे हौशी मालक इतके जागरूक राहू शकतात, तर ज्यांचा रोजचा व्यवहार जुन्या कार्डांवर चालतो त्यांनी राहू नये याला कारण नाही.

दीपमाळ (धागाकर्ता)

ओवीकर, धन्यवाद. कृष्णाकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. काट्यावरच्या कारकुनाने मेलिंग लिस्ट वाचावी असे मी म्हणणार नाही. ती वाचण्याचे काम त्याची यंत्रे सांभाळणाऱ्याचे आहे, म्हणजे तुमचे आणि माझे. वर्षातून एकदा, काटा बंद असताना, प्रत्येक यंत्राचा ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलच्या बूटच्या नोंदी, काढून ठेवावा आणि त्यात ‘काढला जाणार’ अशा अर्थाची ओळ आहे का ते पाहावे. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ हा पर्याय दिला की प्रत्येक कार्डापुढे त्याच्या ड्रायव्हरचे नाव येते. हे दोन कागद हाती असले तर पुढची आवृत्ती चढवण्याआधी पाच मिनिटांत निर्णय होतो.

वितरणांनीही एक गोष्ट करायला हवी, आणि ती मी त्यांच्याकडे लेखी मागितली आहे. अद्यतनाची आज्ञा चालवणाऱ्या साधनानेच सध्या जोडलेले ड्रायव्हर आणि नव्या कर्नलमधले ड्रायव्हर ताडून पाहावेत, आणि एखादा नसेल तर पुढे जाण्याआधी थांबून विचारावे. बूटच्या नोंदीतली ओळ शेकडो ओळींत हरवते. अद्यतनाच्या वेळी पडद्यावर आलेला प्रश्न हरवत नाही. हा प्रश्न मला २०२२ मध्ये कोणी विचारला असता, तर मी आधी कार्ड बदलले असते. वाचनालयातले ते ८०२९ काढून मी जुन्या बाजारातले ८१३९ बसवले आणि ते आजही चालते आहे.

तळटीप

ही मागणी रास्त आहे. मॉड्यूलमध्ये कोणते उपकरण क्रमांक चालतात याची सूची फ्रीबीएसडीत ‘लिंकर.हिंट्स’ या फाइलमध्ये तयार असतेच, आणि ‘डेव्हमॅच’ तीच वाचतो. नव्या कर्नलची ती फाइल आणि चालू यंत्राची उपकरणे समोरासमोर ठेवली की बरेचसे काम झाले. आयसा कार्डे यात सापडणार नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे लागेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून चारपैकी तीन काट्यांवर जाऊन आलो. चौथा अजून चालू आहे, त्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, जाईन.

तिन्हीकडे सिरियल पोर्ट ८२५० वरच आहेत, त्यामुळे माझी निम्मी काळजी गेली. दोन यंत्रांतली नेटवर्क कार्डे ८१३९ ची आहेत. तिसऱ्यात फ्लॉपी ड्राइव्ह आहे आणि तो खराच वापरात आहे: शेतकी विभागाचा संगणक काट्याच्या नेटवर्कवर नसल्याने दिवसाची वजने आजही फ्लॉपीवर भरून तिकडे नेली जातात. ड्राइव्ह मदरबोर्डवरच्या कंट्रोलरला जोडलेला आहे, यूएसबीला नव्हे. म्हणजे ओवीकर ज्या ड्रायव्हरविषयी लिहीत होते, त्याच्या मोजक्या वापरकर्त्यांपैकी एक आमच्याकडे आहे.

त्या यंत्रावर पुढच्या हंगामाआधी नवे कर्नल एका वेगळ्या डिस्कवरून उठवून फ्लॉपी वाचून-लिहून पाहणार आहे, आणि जो निकाल येईल तो ‘डीमेसेज’सह त्या ड्रायव्हरच्या देखभालकर्त्याला पाठवणार आहे. इंग्रजी पत्राचा मसुदा तळटीप यांनी एकदा नजरेखालून घालावा ही विनंती. ३२ बिटांच्या यंत्रांचा निर्णय कारखान्याच्या बैठकीत मांडतो. तोपर्यंत तिन्ही कॅबिनेटांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कार्डाचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव आणि कर्नलची आवृत्ती लिहिलेला कागद चिकटवून आलो आहे.